डावीकडून तेहतिसावा

काही लोकांना साडेसाती लागते, मला १३.८ लागलं. व्होल्ट. हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, बहुतेक संच एवढ्या दाबावर चालतात. बारा का नाही, पंधरा का नाही, असं विचारलं की जाणते लोक मोटारीच्या बॅटरीकडे बोट दाखवतात. शिशाच्या बॅटरीत सहा खण, ती भरलेली ठेवायची तर प्रत्येक खणाला २.३ व्होल्ट, गुणाकार तुम्हीच करा. थोडक्यात, रेडिओ बनवणाऱ्यांनी असं धरून ठेवलंय की हॅमकडे गाडी आहे, ती चालू आहे आणि तो तिच्यात बसून बोलतोय. मी दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीला काचा लावून काढलेल्या सव्वा माणसाच्या जागेत बसतो. हॅमच्या भाषेत या जागेला शॅक म्हणतात. आमच्या घरात तिला ‘तिकडे’ म्हणतात. तिकडे २३० व्होल्ट येतात. त्यांचे १३.८ करून देणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय, आणि या छंदातलं निम्मं आयुष्य त्या पेटीपायी जातं. उरलेलं निम्मं अँटेनावर कुणी टॉवेल वाळत घातलाय का, हे बघण्यात.

तयार पॉवर सप्लाय मिळत नाही असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो. पैसे मोजायचे, पेटी घरी आणायची, लाल तार लालला, काळी काळ्याला, आणि बोलायला लागायचं. पण असं करणाऱ्याला आमच्यात इज्जत नाही. ‘विकत आणलात?’ हा प्रश्न, सणाला पुरणपोळ्या बाहेरून मागवल्याचं कळल्यावर आत्याबाई ज्या सुरात विचारतात, अगदी त्याच सुरात विचारला जातो.

अण्णा आमच्यातले ज्येष्ठ. व्हॉल्व्हच्या काळापासूनचे. त्यांच्या घरात विकत आणलेली वस्तू म्हणजे फक्त मीठ, असं त्यांच्या सूनबाई सांगतात.

“सर्व्हरचा सप्लाय घे,” अण्णा म्हणाले. “फुकटात पडतो.”

या छंदात ‘फुकटात पडतो’ हे शब्द कानावर आले की पासबुक भरून घ्यावं.

अण्णांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर काही वर्षांनी मोडीत काढतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये सहसा दोन पॉवर सप्लाय असतात, एकाने मान टाकली तर दुसऱ्याने गाडा ओढावा म्हणून. त्यामुळे दोघांनाही जन्मभर निम्माच भार. एसीच्या थंडाव्यात, धुळीशिवाय, पावसाशिवाय नोकरी. सर्व्हर म्हातारा होतो, सप्लाय मात्र तरणाबांड भंगारात येतो. एका विटेएवढ्या पेटीतून बारा व्होल्टला बासष्ट अँपियर! एवढ्या ताकदीचा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय करायचा तर तो उचलायला दोन माणसं आणि हर्नियाचा डॉक्टर लागेल.

माझा परवाना रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा आहे. पन्नास वॉटपर्यंत बोलायची सरकारची मुभा. त्याला पंधरा अँपियर म्हणजे डोक्यावरून पाणी. पण बासष्ट मिळत असताना पंधरावर कोण थांबतो? दोघांच्या घरात पन्नास माणसांचं पातेलं आपण माळ्यावर ठेवतोच की.

आमचे चिरंजीव आयटीत. त्यांना म्हटलं, “तुमच्या ऑफिसात एखादा जुना सर्व्हर...”

“बाबा, आता सर्व्हर नसतात. सगळं क्लाउडवर असतं.”

“मग क्लाउडचा पॉवर सप्लाय कुठे असतो?”

“ते मला माहीत नाही. ते इन्फ्रा टीम बघते.”

क्लाउडचा पॉवर सप्लाय बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात असतो. एका ताडपत्रीवर, मिक्सरची भांडी आणि सायकलची पेडलं यांच्यामध्ये.

“चालतो का?” मी विचारलं.

“काका, बँकेच्या सर्व्हरचा आहे. सर्व्हर मेला, हा जिवंत आहे.”

“बघायचा कसा?”

“चालला तर तुमचा, नाही चालला तर पुढच्या बुधवारी आणा. किलोवर परत घेतो.”

विकतानाही त्याने किलोवरच दिला. बासष्ट अँपियर वजनकाट्यावर घालून घेणारा मी पहिला नसेन, पण इतक्या आनंदाने घेणारा बहुधा पहिलाच. पेटीवर ‘८० प्लस प्लॅटिनम’ असं स्टिकर होतं. फार वीज वाया न घालवणाऱ्या सप्लायला हा शिक्का मिळतो. सौभाग्यवतींनी चष्मा लावून वाचलं.

“प्लॅटिनम? आणि हे तुम्ही माझ्यासाठी आणलं नाहीत?”

प्लग लावला. एक हिरवा दिवा मिचमिचला. बाकी काही नाही. सर्व्हरच्या सप्लायला बटण नसतं. तो सर्व्हरच्या पोटात बसला, सर्व्हरने हळूच खूण केली, तरच तो चालू होतो. परक्या माणसाने आणून टेबलावर ठेवलं तर ओळख दाखवत नाही. मागच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ६४ दातांची, अर्धे वर, अर्धे खाली. त्यांतल्या ठरावीक दोन दातांमध्ये एक रेझिस्टर जोडला की सप्लायला वाटतं, मालक आले. कोणते दोन हे कंपनी सांगत नाही. मग हातातल्या छोट्या सेटवर, रिपीटरवरून, म्हणजे आवाज पुढे पोचवणाऱ्या केंद्रावरून, जाहीर प्रश्न टाकला.

उत्तर तत्काळ आलं, एकमुखाने आलं. तेहतीस आणि छत्तीस. मध्ये एक किलो-ओहम. छान. आता तेहतिसावा दात कोणता?

“डावीकडून मोज,” एक म्हणाले.

“कुणाच्या डावीकडून?” दुसरे म्हणाले. “आपल्या की त्याच्या?”

“पंखा आपल्याकडे करून की दात आपल्याकडे करून?” तिसऱ्याने मुद्दा काढला.

“एका कंपनीचा असेल तर हेच. दुसऱ्या कंपनीचा असेल तर सगळंच वेगळं.” हे अण्णा. त्यांना शेवटी बोलायची सवय आहे.

मतं भरपूर होती, पण त्यांतल्या एकावरही मी स्वतःचा सप्लाय जाळायला तयार नव्हतो. शेवटी मल्टीमीटर, भिंग आणि श्रीरामाचं नाव घेऊन दात मोजले, रेझिस्टर टेकवला.

त्यानंतर जे झालं त्याने पहिल्यांदा मांजर गेलं. ते चार दिवस आलं नाही.

या पेटीच्या तोंडाशी चार सेंटिमीटरचा पंखा असतो. एवढ्याशा पंख्याने एवढी वीट थंड ठेवायची म्हणजे त्याला मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे मारायची तयारी लागते. सर्व्हरच्या खोलीत माणसं बसत नाहीत, त्यामुळे आवाजाचा विचार कुणी केलेला नाही. चालू होताना तो एकदा सगळा दम काढून दाखवतो, मग जरा खाली येतो आणि एका बारीक किणकिणत्या सुरात कायमचा राहतो. सकाळी सहाला, कारण सात मेगाहर्ट्झवर आसपासच्या गप्पांना सकाळ बरी, मी तो सुरू करू लागलो.

दारावरची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात स्टीलचा डबा.

“घरघंटी घेतलीत ना? बरं केलंत बाई. ज्वारी आहे दोन किलो. जरा बारीक दळा, भाकरीला.”

मी तोंड उघडेपर्यंत डबा आमच्या ओट्यावर होता आणि काकू जिन्यात. नंतर सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली: निवासी सदनिकेत पिठाची गिरणी चालवण्यास मनाई आहे. चिठ्ठी देणाऱ्या वॉचमनने आपल्यातर्फे विचारलं, “साहेब, हरभऱ्याची डाळ होते का यात?”

पंखा हळू करायचं ठरवलं. त्याला मध्ये एक रेझिस्टर घातला. पंखा मंदावला, घरात शांतता आली, आणि सप्लाय बंद पडला. कारण पंख्याची एक तार सप्लायला सतत कळवत असते, मी इतका इतका फिरतोय. फेरे कमी दिसले की सप्लाय काम थांबवतो. इतकी कडक हजेरी मी नोकरीत कधी पाहिली नाही. मग मूळ पंखा तसाच ठेवून बाहेर एक मोठा, शांत पंखा सुतळीने बांधला, की आत थंड राहावं आणि लहान्याला जोर करावा लागू नये. आता दोघांचाही आवाज येऊ लागला, पण लहान्याचा किंचित कमी. काकू म्हणाल्या, “आज गहू दळलेत वाटतं. मऊ लागला आवाज.”

दातांना तारा सोल्डर करण्याबद्दल काही सांगत नाही. पंचवीस वॉटच्या कावियाने त्या तांब्याच्या पट्ट्या तापवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे, आणि ज्याने केलं नाही त्याचं चांगलं चाललंय.

अण्णा फोनवरून म्हणाले, “जोडायच्या आधी अंगठी काढ. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बासष्ट अँपियर अंगठीतून गेले तर बोटासकट लाल होईल.” मी अंगठी काढून फ्रिजवर ठेवली. ती सौभाग्यवतींना सापडली.

“सिंगापूरच्या ट्रिपला विमानतळावर सांगितलं तरी काढली नव्हतीत.”

“अगं, भंगाराचा सप्लाय आहे...”

हे वाक्य पुरं करण्यासारखं नाही, हे ते निम्मं झाल्यावर लक्षात आलं.

आता मुख्य कार्यक्रम. रिग, म्हणजे बोलायचा संच, जोडली. चालू झाली. माइक दाबला, “सीक्यू, सीक्यू...”, म्हणजे ‘आहे का कुणी?’, म्हटलं आणि रिग बंद. माइक सोडला, रिग चालू. पुन्हा दाबला, बंद. सौभाग्यवती चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना पहिल्यांदाच या छंदात रस उत्पन्न झालेला दिसला.

“म्हणजे ऐकताना चालू राहतं आणि तुम्ही बोलायला लागलात की बंद होतं?”

“हो ना.”

“याला हात लावू नका. छान झालंय.”

निदान सोपं होतं: सप्लाय बाराचा, रिगला हवेत १३.८. तेव्हा पेटी उघडून व्होल्टेज वाढवायचं. आत एका बारक्या बोर्डावर प्रीसेट असतो, तो हलक्या हाताने पिळायचा. पण त्याच पेटीत मुख्य कपॅसिटरवर चारशेच्या आसपास व्होल्ट वस्तीला असतात आणि प्लग काढला तरी लगेच घर सोडत नाहीत. म्हणून अण्णा जातीने आले. त्यांनी जुन्या वायरमनांचा नियम सांगितला, “एक हात खिशात.” दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. एक खिशात असला की तिची पंचाईत होते.

मी लेंग्यात होतो. लेंग्याला खिसा नसतो.

“पँट घालून ये,” अण्णा म्हणाले. सौभाग्यवती म्हणाल्या, “इस्त्रीला टाकल्यात.” शेवटी एक हात अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून मी प्रीसेट पिळला. बारा पूर्णांक तीन. बारा पूर्णांक नऊ. तेरा. तेराच्या थोडं पुढे गेलो आणि सप्लायने प्राण सोडला. मेला नव्हता. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सर्व्हरला वाचवायला तो स्वतःला बंद करून घेतो. सर्व्हर कधीच भंगारात गेलाय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मग प्लग काढा, हिरवा दिवा पुरता विझेपर्यंत थांबा, प्रीसेट मागे घ्या, पुन्हा प्लग लावा. दरवेळी पंखा पहिल्यापासून दम काढून दाखवणार. वरच्या मजल्यावरून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

तेराच्या वर तो काही केल्या टिकेना. अण्णांनी रिगबरोबर आलेलं माहितीपुस्तक मागितलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होतं, कारण पुस्तक वाचून रिग चालवणाऱ्यालाही आमच्यात इज्जत नाही. अण्णांनी पहिल्याच पानांतली ओळ वाचून दाखवली: १३.८ व्होल्ट, अधिक-उणे पंधरा टक्के.

“म्हणजे पावणेबारालाही चालते की ही,” अण्णा म्हणाले आणि मग माझ्या तारेकडे बघितलं. “ही कुठली?”

“दिवाळीच्या आकाशकंदिलाची.”

पंधरा अँपियर त्या तारेतून जाताना दीड व्होल्ट वाटेतच गरम होऊन बसत होते. रिगपर्यंत पोचताना बाराचे साडेदहा झालेले. इलाज व्होल्टेजचा नव्हताच, तारेचा होता. इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो आणि जाड तार मागितली.

“एसी कितीचा आहे?” दुकानदार.

“एसी नाही.”

“गीझर?”

“नाही, बोलायचंय.”

त्याने मला दाखवली ती तार मनगटाला गुंडाळता येत नव्हती. किंमत ऐकून कळलं की दोन मीटर तारेत असे तीन सप्लाय किलोवर आले असते. घेतली. फ्यूज घेतले. पितळी टर्मिनल घेतली. फुकटात पडणाऱ्या वस्तूच्या खर्चाची एक वहीच झाली होती आणि ती माझ्या ताब्यात नव्हती.

आता रिग बोलताना चालू राहू लागली. पण ऐकू काही येईना. साऱ्या बँडवर एक करकरणारी चादर पसरलेली. सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर नऊवर खिळलेला. फोनवर सगळ्यांचा एकच निकाल: स्वस्तातला एसएमपीएस जातीचा सप्लाय म्हटला की हे असंच, आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचा कचरा रेडिओत येणार. फेराइटची कडी आणा, तारा त्यांतून गुंडाळा. फेराइटची कडी म्हणजे काळ्या रंगाचा जड मेदुवडा. (वहीत त्याची नोंद ‘मेदुवडे, चार, किंमत अविश्वसनीय’ अशी आहे.) गुंडाळल्या. करकर तसूभर हलली नाही.

अण्णांनी स्कूटरची बॅटरी आणली. घरातला मेन स्विच पाडला, फ्रिजसकट सगळं बंद केलं, रिग बॅटरीवर लावली. करकर जशीच्या तशी! माझा सप्लाय निर्दोष. सर्व्हरच्या पेट्यांना गोंगाट आवरण्याच्या कडक चाचण्या पास कराव्या लागतात, तो जन्मभराचा शिस्तीचा माणूस. गुन्हेगार बाहेरचा होता. मग खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून, कानाला धरून, सोसायटीचे जिने फिरलो. प्रत्येक दारापाशी थांबायचं, ऐकायचं, मान हलवायची, पुढे जायचं. सेक्रेटरींनी दार उघडून विचारलं, “मॅच आहे का?” मी म्हटलं, “करकर आहे.” त्यांनी दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावर ट्रान्झिस्टर नुसता किंचाळला. काकूंची बाल्कनी. दिवाळीला लावलेली एलईडीची माळ, तुळशीचं लग्न होऊन गेलं, त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, अजून लुकलुकत होती. तिचा अंगठ्याएवढा अॅडॉप्टर, ज्यात गोंगाट आवरणारा एकही भाग घालायची तसदी कुणी घेतली नव्हती, सात मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा खात होता.

“काकू, ही माळ सकाळी तेवढी बंद ठेवाल का?”

“नातू यायचाय मे महिन्यात. त्याला दाखवायची आहे.”

“मेमध्ये लावा की.”

“एकदा काढली की परत लावायला कोण चढणार?” काकू जरा थांबल्या. “बरं, बंद ठेवते सकाळची. पण माझं दळण तुम्ही फारच उशिरा देता. आठवड्याला वेळेवर द्यायचं.”

घरघंटी नाही, हे सांगायची हीच वेळ होती. सांगितलं असतं तर माळ पेटली असती. तेव्हापासून दर शनिवारी मी काकूंचा डबा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या गिरणीत जातो, रांगेत उभा राहतो आणि पीठ गरम असतानाच वर नेऊन देतो. ‘तुमच्या घरघंटीचं पीठ गिरणीपेक्षा बरं असतं,’ असा काकूंचा अभिप्राय आहे. तो सोसायटीभर पसरलाय. डबे वाढलेत.

मग एके दिवशी सकाळी सहाला सगळं जुळून आलं. माळ बंद, पंखा किणकिणता, तार जाड, पँट खिशाची. सात मेगाहर्ट्झ शांत. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत-बदलत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आजच्या हिशेबाने याच पट्ट्यात. पोलीस मागावर असताना ऑगस्ट ते नोव्हेंबर त्यांनी देशाला बातम्या सांगितल्या. माझ्या मागावर कुणी नव्हतं. परवाना भिंतीवर टांगलेला. मी माइक दाबला आणि नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या सभेत, हजेरी लावली.

“व्हेरी गुड मॉर्निंग, ओएम,” नेट कंट्रोल म्हणाले. “फाइव्ह नाइन येताय. आवाज एकदम साफ. सप्लाय कुठला?”

हॅमला देशात कुठेही गाठा, तो आधी तुमचा आवाज कसा येतोय ते सांगतो, मग तुमचा सप्लाय विचारतो, मग अँटेना, मग हवा. यापुढे काही बोलायचं असतं, असं अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही. मी सर्व्हरचा सप्लाय म्हणालो मात्र, नेटवर चैतन्य पसरलं. बेळगावहून एक स्टेशन पुढे आलं. त्यांनीही एक किलोवर आणून ठेवलाय, हिरवा दिवा मिचमिचतो, पुढे काही नाही.

“तेहतीस आणि छत्तीस जोडा,” मी म्हणालो. आवाजात किती अनुभव भरता येतो, ते तेव्हा कळलं.

“जोडलं, ओएम. होईना. डावीकडून मोजायचं की उजवीकडून?”

“डावीकडून.”

“ब्रेक, ब्रेक!” मध्येच कोल्हापूरकडचा आवाज घुसला. “उजवीकडनं हाय ते. आनि पेटी पालथी घालून मोजायचं.”

“ब्रेक! कुणाच्या उजवीकडून?” हे नाशिक.

“ब्रेक. कंपनी कुठली आहे ते आधी विचारा,” हे अण्णा, स्कूटरच्या बॅटरीवरून.

नेट कंट्रोलने बाकीच्या सर्व स्टेशनांना माइक खाली ठेवायची विनंती केली. इमर्जन्सी ट्रॅफिक चालू आहे, म्हणाले.